आवाज येतोय, खरं कळंना झालंय

"आज्जी, चहा ठेवू का?"

"दहा? अजून नऊबी वाजलं न्हाईत की."

मग मी आवाज चढवून तेच पुन्हा विचारायचो आणि ती वैतागायची. "वरडाय काय झालंय? आवाज येतोय, खरं कळंना झालंय."

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं की आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. आज्जीनं तेव्हा ऐंशी ओलांडली होती आणि तिचं हे वाक्य मी वर्षानुवर्षं म्हातारपणाचं गाऱ्हाणं समजून सोडून दिलं. पुढं भाषेच्या श्रवणाविषयी वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की तिनं आपल्या दुखण्याचं नेमकं निदान केलं होतं. आवाज येणं आणि कळणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं शाबूत राहून दुसरं बिघडू शकतं. या प्रकरणात जे सांगायचंय ते या दोन कामांच्या मधल्या जागेत घडतं.

मराठीनं ही वाटणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. 'ऐकू येतं' ते आपसूक, 'ऐकतो' ते माणूस स्वतः. गोष्ट 'कानावर पडते' तेव्हा आपण काही केलेलं नसतं, 'कान देतो' तेव्हा केलेलं असतं. आणि 'पोरगं ऐकत नाही' असं आई म्हणते, तेव्हा पोराच्या कानांबद्दल तिची काहीच तक्रार नसते.

आधी आवाज येण्याचं पाहू. बोलणं म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. पुरुषानं 'आ' म्हटलं की त्याचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा उघडझाप करतात, बाईचे दोनशेच्या आसपास. हे हेलकावे अडीच सेंटिमीटरच्या कर्णनलिकेतून पडद्यावर आदळतात. नलिकेची लांबीच अशी आहे की सेकंदाला तीन हजार कंपनांच्या आसपासचे आवाज तिच्यात जास्त घुमतात, आणि व्यंजनांमधले बरेच बारकावे त्याच पट्ट्यात असतात. पडद्यामागं हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं एकमेकांना धरून उभी असतात. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड.

हाडांची ही साखळी कशासाठी? रंकाळा तळ्याच्या काठावरून कुणी कितीही हाका मारल्या तरी पाण्याखाली बुडी मारलेल्याला त्या जवळजवळ पोचत नाहीत. हवेतला आवाज पाण्यावर आपटून परत फिरतो. आतला कान द्रवानं भरलेला आहे, म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात हा रंकाळा आहेच. तो ओलांडण्यासाठी मोठ्या पडद्यावरचा जोर रिकिबीच्या इवल्या तळव्यावर एकवटावा लागतो. पडदा त्या तळव्याच्या सुमारे सतरापट मोठा असतो. दाभणाच्या टोकावर हाताचा सगळा जोर यावा तसं हे होतं आणि द्रव हलतो.

हा द्रव असतो कॉक्लियात, गोगलगाईच्या शंखासारख्या पावणेतीन वेढ्यांच्या नळीत. उलगडली तर ती ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यात एक पडदी लांबलचक पसरलेली असते, तोंडाशी अरुंद आणि ताठ, टोकाशी रुंद आणि सैल. उंच आवाज तोंडाजवळची जागा हलवतो, खर्जातला टोकाकडची. पेटीच्या पट्ट्या गुंडाळून ठेवाव्यात तशी ही रचना आहे. गेऑर्ग फॉन बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञानं बुडापेस्टमध्ये टपालखात्याच्या दूरध्वनी प्रयोगशाळेत काम करता करता हे शोधून काढलं आणि १९६१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पडदीवर केसपेशींच्या रांगा असतात. मेंदूला खबर देणाऱ्या आतल्या रांगेतल्या पेशी साधारण साडेतीन हजार, आणि बारीक आवाज वाढवून देणाऱ्या बाहेरच्या रांगांमधल्या बारा हजारांच्या आसपास. माणसात ही केसपेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही.

आणि वयानुसार सगळ्यात आधी मरतात त्या तोंडाजवळच्या, उंच पट्टीच्या. आज्जीच्या 'दहा'चं मूळ इथं आहे. आ, ए, ओ हे स्वर दणकट असतात आणि त्यांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स, श, च यांची घासणी किंवा त-ट-क यांचा फुटण्याचा क्षण, हे सगळं दुबळं आणि बरंचसं वरच्या पट्टीतलं. आज्जीला 'अहा' चांगलं ऐकू येत होतं, पुढचा 'च' गळत होता. मेंदूला रिकामी जागा सोसत नाही. त्यानं हाताला लागलेला 'द' तिथं बसवला. 'साखर'ची 'भाकर' अशीच व्हायची. मी ओरडायचो, म्हणजे काय करायचो? आधीच ऐकू येणारा 'अहा' आणखी मोठा करायचो. ओरडण्यानं स्वर फुगतात, व्यंजनं त्या मानानं तिथंच राहतात. मी तिच्यावर उगाच ओरडत होतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

केसपेशी फक्त वयानं जात नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास, ही कामगारांसाठी सर्वसाधारण मर्यादा मानतात. पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. शंभरावर हिशोब पंधरा मिनिटांवर येतो. गणपती विसर्जनाच्या रात्री कोल्हापुरात महाद्वार रोडवर डॉल्बीच्या भिंतीपुढं बापाच्या खांद्यावर बसलेली तीन वर्षांची पोरं दिसतात, तेव्हा हा हिशोब मला आठवतो. छातीत धडधडणारा खर्ज सगळ्यांना जाणवतो. त्या मुलाच्या शंखाच्या तोंडाशी काय चाललंय ते पन्नास वर्षांनी कळणार असतं.

इथवर आवाज आला. आता कळण्याची गोष्ट, आणि ती कुठल्याही यंत्रापेक्षा अवघड आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेनं युद्धात आंधळे झालेल्या सैनिकांसाठी वाचनयंत्र करायला घेतलं. कल्पना सोपी होती. यंत्र छापील अक्षर बघेल आणि प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला एक आवाज काढेल, अंध माणूस ते आवाज शिकून घेईल. आल्विन लिबरमन, फ्रँकलिन कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाना तऱ्हेचे आवाज करून पाहिले. काही केल्या शिकाऊ माणूस तारेच्या कडकट्टापेक्षा वेगानं ऐकू शकेना. बोलण्यात मात्र आपण सेकंदाला दहा-पंधरा ध्वनी सहज पचवतो. वेगळेवेगळे दहा-पंधरा टिकटिकाट सेकंदात ऐकवले, तर कानाला नुसती गुणगुण ऐकू येते. मग बोलणंच कसं कळतं?

उत्तर असं निघालं की बोलण्यात अक्षरं मण्यांसारखी ओवलेली नसतातच. आरशासमोर उभं राहून 'की' म्हणा, मग 'कू'. 'कू' म्हणताना 'क' उमटायच्या आधीच ओठ गोल झालेले दिसतील. म्हणजे 'क'मध्येच 'ऊ' शिरलेला आहे, आणि 'की'चा क आणि 'कू'चा क हवेत दोन वेगळे आवाज आहेत. ध्वनिफितीतून व्यंजनाचा तेवढा तुकडा कापून वाजवला तर पुष्कळदा चिमणीच्या चिवचिवाटासारखं काहीतरी ऐकू येतं. आपल्याला तो 'क' एकच वाटतो, कारण तो एकपणा आपण पुरवतो. आपल्या लिपीत 'की' हे एकच अक्षर मानलंय. 'क' आणि 'ई' असे दोन तुकडे शेजारी मांडलेले नाहीत. तोंडातून निघणाऱ्या वस्तूच्या ते जास्त जवळ आहे.

शब्दांमध्ये तरी मोकळी जागा असते का? लिहिताना सोडतो, बोलताना नाही. 'महाद्वार रोड' सहज म्हणा. दोन शब्दांच्या मध्ये 'र'ला 'र' चिकटलेला असतो, तिथं फट नाही. आमच्याकडची 'पापाची तिकटी' म्हणा आणि ध्वनिचित्रात, म्हणजे आवाजाच्या आलेखात, बघा. शांततेच्या फटी सापडतील खऱ्या, पण त्या ओठ मिटले आणि जीभ टेकली तिथं. दोन्ही 'प'च्या मध्ये एक फट, 'क'च्या आधी एक, 'ट'च्या आधी एक. शब्द जिथं संपला तिथली फट यांच्याहून वेगळी दिसत नाही. अनोळखी भाषा ऐकताना लोक फार भरभर बोलतात असं वाटतं, ते यामुळंच. त्यांचा वेग साधारण आपल्याइतकाच असतो, आपल्याला फटी पाडता येत नसतात.

आणि या गोष्टीत मराठीचा एक छोटा वाटा आहे. हॅस्किन्समधल्याच ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये अकरा भाषांचा अभ्यास छापला. अकरांत इंग्रजी, थाई, कोरियन, तमिळ, हिंदी होत्या आणि मराठीही होती. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून स्वरतंतू थरथरायला किती वेळ लागतो, एवढंच त्यांनी मोजलं. 'दार' म्हणताना जीभ सुटायच्या आधीच गळा गुणगुणत असतो. 'तार' म्हणताना जीभ सुटल्याबरोबर. 'थाप' म्हणताना मध्ये वाफेचा झोत जातो, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आतबाहेर. या एका मापानं त्या अकरांतल्या बहुतेक भाषांची व्यंजनं नीट वेगळी झाली. अडली ती हिंदी-मराठीत. 'दार' आणि 'धार' या मापानं वेगळे होईनात, कारण दोन्हींत गळा आधीच गुणगुणतो. 'ध', 'भ', 'घ' यांत घरघर आणि श्वास एकत्र चालतात, त्यासाठी वेगळं माप लागतं. कोल्हापुरातलं दोन वर्षांचं पोर हे माप न शिकवता वापरतं. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर 'धार काढायलोय' म्हटलं की कुणी दाराकडं बघत नाही.

पोराला हे येतं कुठून? गर्भाच्या सहाव्या महिन्याच्या आसपास कान काम करू लागतो. पोटातल्या पाण्यातून आईच्या बोलण्याची वरची पट्टी गाळली जाते, चाल आणि ठेका पोचतो. १९८० मध्ये अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी दाखवलं की जन्मून दोन-तीन दिवस झालेलं मूल चोखणीचा वेग बदलून आईचाच आवाज मागून घेतं. चार वर्षांनी कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना तो बहुधा कळत नव्हता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांनाही तो कळेनासा झालेला होता. म्हणजे मूल भाषा शिकतं तेव्हा भर घालतं तसंच सोडूनही देतं. जगभरच्या ध्वनींसाठी उघडा असलेला कान आपल्या अंगणापुरता नीट लावून घेतो.

आपलं अंगण बरंच दाट आहे. 'काल' आणि 'काळ', 'वेल' आणि 'वेळ', 'मन' आणि 'मण'. 'जग' लिहून दाखवलं तर दुनिया की 'जगणे'चा आदेश हे अक्षरावरून सांगता येत नाही. बोलून दाखवलं की शंकाच राहत नाही, एका 'ज'ला जीभ टाळूला लागते, दुसऱ्याला दातांमागं. लिपीनं जो भेद नोंदवला नाही तो कानानं सांभाळला. परदेशात वाढलेली मराठी घरांतली मुलं सगळं समजून घेतात आणि 'बाळ'ला 'बाल' म्हणतात, तेव्हा आजी-आजोबा जिभेला दोष देतात. बऱ्याचदा प्रश्न कानाचा असतो. 'ळ' त्या कानाला वेगळा वाजतच नाही.

कान गळालेलं भरूनही काढतो. साधा फोन घ्या. जुन्या टेलिफोनच्या तारेतून सेकंदाला ३०० ते ३४०० कंपनांपुरताच आवाज जायचा. पुरुषाच्या आवाजाचा पाया शंभराच्या आसपास, म्हणजे तो तारेत शिरायचाच नाही. तरी पलीकडं काका बोलतोय की काकू, ते लगेच कळायचं. वरच्या कंपनांमधल्या अंतरावरून मेंदू गेलेला पाया परत रचतो. वरची बाजू मात्र रचता येत नाही, तिथला 'स' आणि 'फ' एकमेकांत मिसळतात. म्हणून 'ब बदकातला, स सशातला' असं सांगावं लागतं. बदक हा शब्द लांब आहे, ओळखीचा आहे, त्याचा तुकडा हरवला तरी तो सापडतो. एकट्या 'ब'ला असा आधार नसतो.

हा आधारच समजण्याचा गाभा आहे असं मला वाटतं. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं ध्वनिमुद्रित वाक्यातला एक ध्वनी काढून टाकला आणि तिथं खोकला बसवला. ऐकणाऱ्यांना तो ध्वनी हरवलाय हे जाणवलंच नाही, खोकला नेमका कुठं आला हेही सांगता येईना. हरवलेला ध्वनी त्यांना ऐकू आला होता. मराठीत कल्पना करा: कुणीतरी बोलताना खोकतो आणि फक्त 'आर' एवढंच पोचतं. पुढं 'लावून घे' आलं तर तुम्ही 'दार' ऐकलेलं असतं, 'तुटली' आलं तर 'तार'. शब्द आधी आला, त्याचा खुलासा मागून, आणि तरी तो शब्द आपण सुरुवातीलाच ऐकला असं वाटतं. मेंदू थोडा वेळ आवाज धरून ठेवतो, पुढचं येऊ देतो आणि मग निकाल देतो.

दुसऱ्या बाजूनं तो पुढंही धावत असतो. १९७० च्या दशकात विल्यम मार्सलेन-विल्सननं लोकांना ऐकलेलं बोलणं लगोलग तसंच म्हणायला लावलं. काहीजण पाव सेकंदाच्या अंतरानं मागोमाग म्हणत गेले, म्हणजे शब्द संपायच्या आत त्यांना तो कळत होता. २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेच्या गटानं दहा भाषांमधल्या गप्पा मोजल्या. एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. एक शब्द तोंडात जुळवायलाच याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच त्याचं वाक्य कुठं संपणार हे आपण ताडलेलं असतं आणि उत्तर तयार होत असतं. मराठीत हे आणखी नाजूक, कारण आपला होकार-नकार सगळ्यात शेवटी येतो. 'मी उद्या साताऱ्याला जाणार' इथवर ऐकून काहीच पक्कं नसतं, 'आहे' की 'नाही' हे शेवटच्या क्षणी. तरी आवाजाच्या उतारावरून आपल्याला बहुधा आधीच कळलेलं असतं.

पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीनं 'वाक्यपदीया'त हाच पेच मांडला होता. वर्ण एकामागून एक येतात, पुढचा येईपर्यंत मागचा विरून गेलेला असतो, मग अर्थ कुणाला चिकटतो? त्याचं म्हणणं असं की वाक्य अखंड आहे, ध्वनी ते फक्त उघड करतात आणि अर्थ एकदम लखकन उमटतो. या अखंड वाक्यालाच स्फोट म्हणतात. आजचं सगळं त्याला ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. केसपेशी त्यानं पाहिल्या नव्हत्या. पण प्रश्न त्यानं योग्य जागी विचारला होता.

ताडणं सवयीवर चालतं, म्हणून दुसऱ्या गावचा माणूस अडखळतो. कोल्हापुरात 'काय करायलाईस?' विचारलं की 'जेवायलोय' असं उत्तर येतं. पुण्याचा कान 'जेवायला' इथवर ऐकतो आणि पुढच्या क्रियापदाची वाट बघत राहतो. बसलाय, निघालाय, बोलावलंय? क्रियापद येऊन गेलेलं असतं. 'खरं'चंही तेच. 'आलो असतो खरं वेळ न्हवता' यातला 'खरं' पाहुण्याला सत्याकडं नेतो आणि वाक्य मोडतं. आमच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. परगावच्या माणसानं भिंतीपलीकडून ते ऐकलं तर आवाज बाईचा आणि क्रियापद पुरुषाचं, अशा कात्रीत तो सापडतो. कोल्हापूरचा कान मुळी क्रियापदावरून लिंग शोधतच नाही. त्याला ते इतर खुणांवरून मिळालेलं असतं. बोलीला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की इथं ऐकणाऱ्याचं काम वेगळ्या रीतीनं वाटलेलं आहे आणि ते तितकंच चोख चालतं.

कोल्हापूरपासून ५० किलोमीटरच्या आसपास कुपवाड आहे, आता सांगली-मिरजेच्या महापालिकेत गेलेलं. १९७१ मध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी या गावावर लिहिलेला लेख जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. गावात जैन-लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, इतर घरांत मराठी, थोडी तेलुगू. घरी एक भाषा, चावडीवर दुसरी, शेतात तिसरी, दिवसभर अशी ये-जा. शेकडो वर्षांच्या या ये-जेनं असं झालं की तिन्ही मोठ्या भाषांचे शब्द वेगळे राहिले आणि वाक्याची चौकट जवळजवळ एकच झाली. कन्नड तर मराठीच्या कुळातलीही नाही. तरी एका भाषेतलं वाक्य उचलून दुसरीत शब्दाला शब्द ठेवत गेलं की चालायचं. हे बहुधा बोलणाऱ्याच्या सोयीचं मानतात. मला ते ऐकणाऱ्याच्याही सोयीचं वाटतं. पुढं काय येणार हे ताडायचा आराखडा एकच, भाषा कुठलीही असो. बाजारात दहा माणसं तीन भाषांत बोलत असतील तर याहून मोठी सवलत कुठली?

आता गर्दीचं. महाद्वार रोडवर संध्याकाळी फेरीवाला ओरडतोय, रिक्षा वाजतीय, दुकानात गाणं लागलंय आणि बहीण साडीबद्दल काहीतरी सांगतीय. हवेतून कानात येतो तो या सगळ्याचा एकच गोळा. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये या कोड्याला हात घातला: गोळ्यातून एक बोलणं निवडतो कसं? एक आधार दोन कानांचा. उजवीकडचा आवाज उजव्या कानात सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी वेळानं आधी पोचतो, आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा काढतो. दुसरा आधार डोळ्यांचा. १९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी लोकांना 'बा' ऐकवलं आणि पडद्यावर 'गा' म्हणणारे ओठ दाखवले. लोकांनी शपथेवर सांगितलं की 'दा' ऐकलं. डोळे मिटले की 'बा', उघडले की पुन्हा 'दा'. करोनाच्या काळात मुखपट्ट्या आल्या तेव्हा कमी ऐकणाऱ्यांची माणसंच एकदम मुकी झाली. तोवर आपण ओठांवरून किती ऐकत होतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

गर्दीसारखीच भिंतीही कानाची परीक्षा बघतात. कोल्हापुरात १९१५ साली शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं पॅलेस थिएटर, पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह, माईक नसलेल्या जमान्यातलं होतं. अशा नाट्यगृहात नटाचा शब्द थेट येतो आणि मागोमाग भिंती-छतावरून त्याच्या प्रती येतात. तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत आलेल्या प्रती मेंदू मूळ शब्दात मिसळून टाकतो आणि शब्द भरदार होतो. त्याहून उशिरा आलेल्या पुढच्या शब्दावर सांडतात आणि चिखल होतो. जुन्या नाट्यगृहांची सगळी कसोटी या तीस-चाळीस मिलिसेकंदांत आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ही वास्तू जळाली, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. लाकूड आणि खुर्च्या पुन्हा आणता येतात. तिथं पुन्हा रंगमंच उभा राहताना शेवटच्या रांगेत शब्द कसा पोचेल हे आधी पाहिलं जावं, एवढीच माझ्यासारख्याची इच्छा आहे.

कळण्याचं काम मेंदूत किती आणि कानात किती, याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा जन्मतः बहिऱ्या मुलांकडून आला. कॉक्लियात तार बसवण्याची शस्त्रक्रिया होते, त्या तारेवर फार तर बावीसेक विद्युतटोकं असतात. साडेतीन हजार केसपेशींच्या जागी बावीस. तेवढ्यावर, दोन-तीन वर्षांचं व्हायच्या आत तार बसली आणि घरच्यांनी दिवसभर बोलत राहण्याचा नेम पाळला, तर मूल 'आई' म्हणतं, शाळेत जातं, फोनवर बोलतं. सात-आठ वर्षांनी बसवली तर आवाज येतो, कळणं फार कष्टानं येतं. तोवर मेंदूनं ती जागा दुसऱ्या कामाला दिलेली असते. म्हणून जन्मल्या-जन्मल्या कानाची तपासणी व्हावी यासाठी डॉक्टर इतके अडून बसतात. बाळ टाळीला दचकतं यावर घरच्यांनी विसंबू नये. टाळीच्या वाऱ्यालाही बाळ दचकतं.

आज्जीला उशिरा का होईना श्रवणयंत्र मिळालं. पहिले पंधरा दिवस तिनं ते सारखं काढून ठेवलं. भांडी फार वाजतात, कागद कुरकुरतो, पंखा डोक्यात फिरतो, म्हणायची. ते खरंच होतं. वर्षानुवर्षं गळालेली वरची पट्टी एकदम परत आली होती आणि कुठलं सोडायचं, कुठलं घ्यायचं हे तिचा मेंदू विसरला होता. बसवणाऱ्या बाईंनी आम्हाला सांगितलं की रोज थोडा वेळ वाढवा, आधी शांत खोलीत एकाच माणसाशी बोलू द्या. टीव्ही बंद करून बोला. समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर हवा. विषय आधी सांगा, प्रश्न मग.

तेव्हापासून मी सकाळी तिच्यासमोर पाटावर बसून आधी नुसतं 'आज्जी' म्हणायचो आणि ती बघेपर्यंत थांबायचो. मग 'सकाळचा चहा', आणि मग 'ठेवू का?' ती माझ्या ओठांकडं बघत असायची.

"ठेव की," म्हणायची. "खरं साखर कमी."

साखर तिला स्वच्छ म्हणता येत होती. दोन महिन्यांनी ती ऐकूही यायला लागली.